रिकाम्या घराचा पत्ता

किल्ली हातात पडली ती नेमकी पितृपक्षात.

मॉरिसव्हिलच्या अपार्टमेंटच्या ऑफिसात बसणाऱ्या मुलीला बिचारीला याचं काय! तिने हसून 'वेलकम होम' म्हटलं, दाराच्या किल्ल्या दिल्या, टपालपेटीची चिमुकली किल्ली वेगळी दाखवली. वल्लरीच्या कडेवर केया होती, नुकतीच मान सावरायला लागलेली. शिव बाहेर, जर्सी सिटीहून आलेल्या ट्रकमधलं सामान उतरवून घेत होता. आणि वल्लरीच्या फोनच्या पडद्यावर, पुण्याहून, सासूबाई.

"सामान ठेवा हवं तर," सीमाताई म्हणाल्या. "पण राहायचं नाही. दूध उतू घालायचं नाही, चूल पेटवायची नाही. घटस्थापनेला प्रवेश करा. तोवर जगन्नाथभावजींकडे राहा. मी मीनाक्षीशी बोलले आहे."

"आई, इथे चूल नाहीये. इलेक्ट्रिक कॉइल आहे," शिव खोका उचलता उचलता ओरडला.

"कॉइलसुद्धा पेटवायची नाही."

विषय संपला. शिवचे बाबा गेल्यावर सीमाताई पुण्याला परतल्या होत्या आणि तेव्हापासून असल्या गोष्टी जरा जास्तच पाळू लागल्या होत्या. शिव इथेच जन्मलेला. पितृपक्ष म्हणजे काय हे त्याला दर वर्षी नव्याने सांगावं लागे, पण बाबांशी जोडलेल्या एकाही गोष्टीला तो नाही म्हणत नसे. वल्लरी सांगलीची. तिचा या सगळ्यावर फार विश्वास होता असं नाही, पण मोडायची हिंमतही नव्हती. म्हणजे आपलं नेहमीचंच.

तर गाद्या, पाळणा, कुकर आणि पुस्तकांचे खोके नव्या घरात कुलूपबंद झाले आणि माणसं निघाली काका-काकूंकडे.

जगन्नाथकाका म्हणजे शिवच्या बाबांचे जुने मित्र. मूळचे नागपूरचे, इथे रस्ते आणि पूल बांधण्यात आयुष्य गेलेलं. निवृत्तीचं वय होऊनही खुर्ची सुटत नव्हती. मीनाक्षीकाकू पक्क्या पुण्याच्या. दारात पाऊल ठेवताच त्यांनी केयाला उचललं, वल्लरीला निरखलं आणि म्हणाल्या, "बाळ गुटगुटीत आहे आणि आई नुसती हँगर झालीये. चल, आधी जेव."

त्याच दुपारी केया झोपल्यावर वल्लरी काकूंच्या डायनिंग टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली. एक काम उरकायचं होतं.

वल्लरी इथे एमएस करायला आली, शिव भेटला, लग्न झालं. शिव जन्माने नागरिक, म्हणून त्याने बायकोसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज केलेला. तिचा शिक्षणाचा व्हिसा संपला होता, त्यानंतर मिळालेली नोकरीची मुभाही संपली होती. तिचं इथलं राहणं आता त्या एका अर्जाच्या खुंटीला टांगलेलं. खुंटी निसटली तर नवरा इथला, लेक इथली, आणि ती मात्र सांगलीला. म्हणून ती नियमांच्या बाबतीत अगदी काटेकोर. घर बदललं की दहा दिवसांच्या आत सरकारला कळवायचं, हा नियम तर तिला मनाच्या श्लोकांसारखा पाठ.

फॉर्मने विचारलं, तुम्ही आता कुठे राहता?

तिची बोटं थबकली. राहते तर काकूंकडे. पण पंधरा दिवसांसाठी लोकांच्या घराचा पत्ता काय द्यायचा! आधीच आयतं जेवतोय, वर त्यांच्या दारात सरकारी टपाल कशाला? तिने नव्या अपार्टमेंटचा पत्ता भरला. सगळीकडे, अर्जाच्या प्रत्येक नंबरासमोर, दोनदा तपासून.

"कसला फॉर्म गं?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही काकू, पत्ता कळवतेय."

"कळव बाई, कळव. तुझं बरं आहे, वेळच्या वेळी. आमच्याकडे एक माणूस दुकानात जातानासुद्धा कळवत नाही."

"ऐकू येते आहे मले," पलीकडच्या खोलीतून काका म्हणाले.

ते दिवस वल्लरीच्या मनात कायमचे राहिले. बाळंतपणाला आईला यायचं होतं, पण तिला व्हिसाच मिळाला नव्हता. जर्सी सिटीच्या विसाव्या मजल्यावर तिने केयाला एकटीनेच न्हाऊमाखू घातलं होतं, व्हिडिओ बघून. इथे काकू सकाळी केयाला पायांवर घेऊन तेल चोळत आणि वल्लरीला सांगत, "जा, परत झोप." परत झोप! या दोन शब्दांसाठी ती काकूंना उभा जन्म विसरली नसती.

शिवच्या बाबांची तिथीही त्यातच आली. काकूंनी खीर केली, वडे केले, पान वाढून मागच्या डेकच्या कठड्यावर ठेवलं. कावळा येईना. शिव कडक इस्त्रीचा कुडता घालून अवघडून उभा.

"काका, इथल्या कावळ्यांना कळतं का हे?"

"तुझा बाप होता ना, त्याले कुठंही वेळेवर यायची सवय नव्हती," काका म्हणाले. "थांब थोडा." आणि मग पाइनच्या झाडावरून एक धिप्पाड कावळा उतरला, थेट वडा घेऊन गेला. काका चष्मा पुसत आत निघून गेले.

घटस्थापनेला काकूंनी वल्लरीची ओटी भरली. "लेक निघाली की भरतात," एवढंच म्हणाल्या. नव्या घरात कॉइलवर दूध उतू गेलं, धूर झाला, स्मोक अलार्म किंचाळला, केया रडली, खालच्या मजल्यावरचा माणूस धावत वर आला. गृहप्रवेश झाला.

दसरा गेला, दिवाळी आली. शिवचं नर्सिंगचं कॉलेज जोरात सुरू होतं. बँकेतली नोकरी सोडून तो आधी लहानसहान कामं करत आवश्यक ते विषय पुरे करत होता, आता पूर्णवेळ विद्यार्थी. बाबांच्या शेवटच्या आजारात हॉस्पिटलात एका नर्सने त्यांना ज्या मायेने सांभाळलं, ते बघून त्याने हे ठरवलं होतं. वल्लरीला त्याचा फार अभिमान. तिचा कामाचा परवानाही त्याच अर्जाच्या मागे अडकलेला होता. तो आला की जवळच्याच एका लॅबमध्ये तिची जागा जवळपास नक्की होती.

केया पालथी पडून पहिल्यांदा पुढे सरकली त्या सकाळी वल्लरीने सवयीने फोनवर अर्जाची स्थिती पाहिली. तिथे एक नवं वाक्य होतं. आम्ही तुम्हाला पाठवलेलं पत्र पोस्टाने 'पोचवता आलं नाही' म्हणून परत केलं आहे.

तिने ते पुन्हा वाचलं. मग केयाला उचलून, पायांत शिवच्या चपला घालून, तशीच ऑफिसात गेली.

'वेलकम होम'वाली मुलगी हळहळली. "तुम्ही पेटीच्या आत नावं लावली नव्हती का? इथे नाव नसलं आणि फ्लॅट रिकामा दिसला की टपालवाला पत्र परत पाठवतो. तुम्ही तर सुरुवातीला राहातच नव्हता!"

नव्हताच. पितर जेवत होते ना.

नंतर दिवसभर फोन. आधी यंत्र, मग संगीत, मग पुन्हा यंत्र, शेवटी एक माणूस. त्याने शांतपणे ऐकलं आणि पत्र पुन्हा पाठवायची व्यवस्था केली. शिवने पेटीच्या आत तिघांची नावं लावली, केयाचंसुद्धा. पत्र आलं ते असं: नवऱ्याचं उत्पन्न पुरेसं दिसत नाही. अर्ज करताना ते अगदी काठावर होतं. केया जन्मली, खाणारं तोंड वाढलं आणि हिशेब काठावरून खाली घसरला. तेव्हा बायकोची आर्थिक जबाबदारी घ्यायला आणखी एक जामीनदार आणा. इथे राहणारा, नागरिक किंवा कार्डधारक, पुरेशा कमाईचा. उत्तराची तारीख मात्र पहिल्याच पत्राची होती. ती काही पुढे सरकली नव्हती. तोवर कागद पोचले नाहीत तर अर्ज नामंजूर.

शिव पत्र हातात घेऊन जमिनीवरच बसला. "बाबा असते तर मी आत्ता त्यांना कॉल केला असता."

"माहीत आहे."

"जगन्नाथकाकांना विचारायचं का?"

"नको," वल्लरी म्हणाली. "म्हणजे, विचारावं लागेल. पण नको."

पुण्याला कळलं तेव्हा सीमाताई म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं ना हे?"

"नाही हो आई."

"खोटं बोलू नकोस. मी इथे बसून हुकूम सोडते, निस्तरावं तुला लागतं." पदराने नाक पुसून त्या पुढे म्हणाल्या, "मी करू का भावजींना फोन?"

वल्लरीने एक क्षण विचार केला. 'करा' म्हणणं किती सोपं होतं! "नको आई. माझ्यासाठी मागायचंय, मीच मागते."

शनिवारी ती काकांकडे गेली. जेवणं झाली. काकू केयाला घेऊन शिवबरोबर मागच्या डेकवर गेल्या, आणि वल्लरीने बाहेरच्या खोलीत काकांसमोर पत्र आणि जामीनदाराचा तो जाडजूड फॉर्म ठेवला. गाडीत घोकलेली वाक्यं सगळी विसरली. "काका, शिवची कमाई कमी पडतेय. अजून कुणालातरी सही करायला लागेल," एवढंच कसंबसं निघालं.

काका चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचू लागले. पुलाचा नकाशा वाचावा तसं, ओळीवर बोट ठेवून. वल्लरी भांडी आवरायला आत गेली. तिथे तरी हातांना काम होतं.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. त्यांची लेक नैना, देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या बॉथेलहून. काका फोन नेहमी स्पीकरवर ठेवूनच बोलत, त्यामुळे घरात कुणाचंच काही खासगी नसे.

"बाबा, आई टेक्स्ट करत होती. तुम्ही खरंच साइन करणार आहात?"

"वाचतो आहे."

"बाबा, इट्स अ कॉन्ट्रॅक्ट! ती सिटिझन होईपर्यंत किंवा कितीतरी वर्षं काम करेपर्यंत यू आर रिस्पॉन्सिबल. डिव्होर्स झाला तरी. तुम्ही रिटायर होताय, घर विकून इकडे येताय. व्हाय नाऊ?"

"डिव्होर्स काहून घेतील बापा? ती शिवले मेथी आणाले पाठवते अन् तो मेथीच आणतो. असं लग्न मोडत नाही."

"बाबा, आय ॲम सीरियस."

हातातलं पातेलं ठेवून वल्लरी बाहेर आली. कान लाल झालेले. "काका, नैना बरोबर बोलतेय. तुम्ही नाही म्हणालात तरी मला काही वाटणार नाही. आम्ही दुसरं कुणीतरी बघू."

दुसरं कुणी नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं.

काकांनी चष्मा काढला. "बस. मले एक सांग. हे पत्र परत गेलं, तेव्हा तुम्ही पोट्टे होता कुठे?"

"इथे. तुमच्याकडे."

"मग पत्ता त्या रिकाम्या घराचा काहून दिला?"

वल्लरीला नैनाच्या प्रश्नापेक्षा हा जास्त लागला. "तुमच्या नावावर उगाच सरकारी कागद नको म्हणून. आधीच इतकं करत होता तुम्ही. पाहुण्यांनी किती..."

"पाहुणे," काका म्हणाले. "तुझी काकू पाहुण्यांना 'परत झोप' म्हणते का? पाहुणे आले की ती पहाटेपासून भांडी आदळते."

वल्लरीच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू एकदमच आलं.

"मी पहिल्यांदा आलो ना अमेरिकेत," काका आता तिच्याशी कमी आणि खिडकीशी जास्त बोलत होते, "तेव्हा माझ्याजवळ पत्ताच नव्हता. नोकरी लागायची होती, खोली घ्यायची होती. तुझा सासरा म्हणाला, माझा लिही. माझं पहिलं लायसन्स, पहिलं बँकेचं कार्ड, नागपूरहून आईची पत्रं, सगळं त्याच्या दारात. केअर ऑफ तो. त्याच्याकडे एकच सोफा होता, त्यावर मी. लग्नाआधी तुझी काकू पत्र पाठवायची ते हा उन्हात धरून वाचायचा प्रयत्न करायचा, हरामखोर. हिवाळाभर राहिलो. एकदा म्हटलं, तुले त्रास देतो आहे. तर तो म्हणाला, त्रास कसला, तू आल्यापासून माझ्या पेटीत बिलांशिवाय काहीतरी येतं."

काकांनी खिडकीकडून फोनकडे मान वळवली.

"नैना, आहेस ना?"

"आहे." आवाज बदललेला. "यू नेव्हर टोल्ड मी दॅट, बाबा."

"तू कधी विचारलं?"

मग नैना म्हणाली, "वल्लरी, आय वॉज नॉट बीइंग मीन, ओके? मला बाबांची काळजी वाटते."

"मलाही वाटली असती गं. काकांच्या जागी माझे बाबा असते तर मीही हेच विचारलं असतं."

"त्यांचे टॅक्सचे पेपर्स माझ्याकडेच आहेत. ते स्वतः शोधत बसले तर तुझी डेडलाइन जाईल. मी आत्ता पाठवते."

काकांनी पुन्हा चष्मा चढवला. "आता हे पाहा. मी घर बदललं तर मलेही सरकारले कळवायचं आहे म्हणे."

"हो काका. माझं कार्ड आलं की. मग दर वेळी."

"म्हणजे बॉथेलला गेलो, की तुझ्यापायी सांगायचं, जगन्नाथ आता कुठे आहे ते?"

"बरं झालं!" डेकच्या दारातून काकू म्हणाल्या. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. "माझं नाही ऐकत, निदान सरकारचं तरी ऐकतील." केया त्यांच्या खांद्यावर झोपलेली. मागे शिव उभा होता. त्याला बोलायचं होतं, पण मराठीत काय बोलायचं ते सापडत नव्हतं आणि इंग्रजीत ते फारच लहान झालं असतं. मग तो सरळ काकांच्या पाया पडला. हेही त्याला नीट येत नसे. एकाच पायाला हात लागला.

"दुसरा काय विकला आहे मी?" काका म्हणाले, आणि पेन मागितलं.

कागद मुदतीच्या आत पोचले. पुढे इंटरव्ह्यू झाला. ऑफिसरबाईंनी फाइल चाळता चाळता विचारलं, हे जगन्नाथ तुमचे कोण? शिवने 'फॅमिली फ्रेंड' म्हणायला तोंड उघडलं, तोवर वल्लरी म्हणून गेली, "माझे काका." मग घाईने म्हणाली, "रक्ताचे नाहीत." बाई किंचित हसल्या आणि त्यांनी पान उलटलं.

कार्ड आलं ते तीन नावांच्या पेटीत, निमूट, किराणाच्या जाहिरातींमध्ये दडून. वल्लरीने पहिला फोन सांगलीला केला, दुसरा पुण्याला. तिसरा फोन करायचा नव्हता. ती केयाला घेऊन गाडीत बसली आणि काकूंच्या दारात जाऊन उभी राहिली. काकूंनी कार्ड बघितलं, फोटो बघितला आणि म्हणाल्या, "यात पण हँगरच दिसतेस."

वल्लरी लॅबमध्ये जाऊ लागली. केया चालायला लागली. बघता बघता पुन्हा भाद्रपद आला आणि काकांचं घर विकलं गेलं, अपेक्षेपेक्षा लवकर. बॉथेलला नैनाने त्यांच्यासाठी खालचा मजला तयार करायला घेतला होता, ते काम रेंगाळलेलं.

"आणि झालं असतं तरी पितृपक्षात नव्या जागेत कसं जायचं?" काकू फोनवर म्हणाल्या. "हॉटेलात राहू पंधरा दिवस."

"हॉटेलात?" वल्लरी म्हणाली. "काकू, तुम्ही आमच्याकडे येताय. आमच्याकडे सोफा आहे."

काका-काकू आले. शिवने आपली खोली त्यांना दिली. सोफ्यावर तो स्वतः. काकू पहिल्याच सकाळी केयाला घेऊन बसल्या आणि लॅबला निघालेल्या वल्लरीच्या हातात डबा ठेवला. काका टेबलाशी, लॅपटॉपवर एक एक अक्षर शोधत काहीतरी भरत होते.

"काय करताय काका?"

"पत्ता कळवतो आहे. कायदा आहे."

"अहो, पंधरा दिवसांसाठी कशाला?" काकू म्हणाल्या. "बॉथेलला गेल्यावर एकदाच कळवा."

"पंधरा दिवसांसाठीच तर मागच्या वेळी सारा घोटाळा झाला होता." काकांनी मान वर न करता विचारलं, "वल्लरी, केअर ऑफ लिहिलं की पुढे कोणाचं नाव टाकू? शिवचं की तुझं?"

"माझं टाका," वल्लरी म्हणाली.

टपालपेटी खाली जिन्याजवळ होती. लॅबला उशीर होत होता, तरी ती थांबली. पर्समधली चिमुकली किल्ली काढून तिने पेटी उघडली. आत चिकटवलेल्या पट्टीवर त्या तिघांची नावं होती, वर जगन्नाथ आणि मीनाक्षी, तिच्या अक्षरातली. ही दोन नावं तिने आदल्याच दिवशी, ते यायच्या आधी लिहून ठेवली होती. शाई नीट वाळली आहे ना, एवढं तिने बोटाने पाहिलं, आणि पेटी बंद केली.